पैसे पुरतील तिथवर

"अमावास्येला मी प्रवासाला निघणार नाही," आई म्हणाली आणि तिनं भाकरी तव्यावर टाकली.

मी जमिनीवर पालथी पडून रेल्वेचं वेळापत्रक बघत होते. जपानमधलं ते वेळापत्रक म्हणजे जाडजूड ग्रंथच. दर महिन्याला नवा निघायचा आणि मी तो विद्यापीठाच्या ग्रंथालयातून हातापाया पडून घरी आणला होता. आठवडाभर त्यात डोकं घालून मी एक रस्ता बसवला होता. पहाटेच्या गाडीनं तोक्यो सोडायचं, वाटेत सहा ठिकाणी गाड्या बदलायच्या आणि संध्याकाळी ओरिगावाला पोचायचं. एकीला दुसरी गाडी अशी चिकटून होती की मधे पाणी प्यायलाही उसंत नव्हती. मला माझाच अभिमान वाटत होता. आणि आता ही म्हणते अमावास्या.

"आई, माझी परीक्षा आठ तारखेला संपतेय. नऊला जायचं, दहाला परत. तिकीट दहालाच संपतंय आणि अकराला तुझं विमान आहे."

"मग विमान पुढं ढकल."

"ढकलते की. आणि गणपती काय इथं बसवणार आहेस, माझ्या खोलीत?"

गौरी-गणपती चुकवणं तिच्यानं होण्यासारखं नव्हतं. भाकरी उलटताना तिचे ओठ मात्र हलत होते. तिथी, वार, नक्षत्र असं काहीतरी मनात चाललेलं असणार.

तिकिटाचंही सांगायला पाहिजे. बुलेट ट्रेननं दोघींनी जाऊन यायचं म्हटलं असतं तर माझ्या शिष्यवृत्तीचा महिना तिथंच आटोपला असता, आणि आईच्या विमानात माझी होती नव्हती ती पुंजी आधीच गेली होती. पण जपानात शाळांना सुट्ट्या लागल्या की रेल्वे एक स्वस्त तिकीट काढते. एकाच कागदावर शिक्के मारत जायचे, दिवसभर कुठंही चढा, कुठंही उतरा. अट एकच, साध्या गाड्यांनीच जायचं, दर स्टेशनाला थांबत. त्या तिकिटाच्या नावात 'तारुण्य' असा शब्द आहे. वापरायला वयाची अट नाही, तरी मी आईला नावाचा अर्थ सांगितला तेव्हा ती पदर तोंडाला लावून हसत बसली होती. या तिकिटाची विक्री वापराची मुदत संपायच्या आधीच बंद होते. आमचं मी ऑगस्टच्या शेवटच्या दिवशी रांगेत उभं राहून मिळवलं होतं. ते हरवलं तर दुसरं मिळणार नव्हतं.

ओरिगावाला आईला का जायचं होतं, तेही सांगते. माझ्या जन्माआधीची गोष्ट. अप्पा, माझे वडील, इचलकरंजीच्या एका गिरणीत फिटर होते. गिरणीनं त्यांना नवे माग शिकायला वर्षभर जपानला पाठवलं. ओरिगावा हे फुकुईकडचं कापडगिरण्यांचं छोटं गाव. तिथं एका बाईच्या खानावळीत अप्पा राहायचे. ते तिकडं असताना इकडं माझा थोरला भाऊ, मोहन, तापानं गेला. सात महिन्यांचा होता. मामानं तार केली. आईनं हट्टानं त्या तारेत दोन शब्द घालायला लावले, 'ताबडतोब या'.

अप्पा आले नाहीत. तारेला उत्तरही आलं नाही. वर्ष भरल्यावर ठरलेल्या बोटीनं आले, येताना ट्रान्झिस्टर आणला, आणि मोहनचं नाव त्यांनी पुढं जन्मात काढलं नाही. आई त्यांच्याबरोबर तीस वर्षं नांदली. माझ्यानंतर दोन भाऊ झाले, घर बांधलं, आजारपणं काढली. भांडण असं कधी झालं नाही. पण कुणी अप्पांचं कौतुक करायला लागलं की आई उठून आत जायची, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. अप्पा गेले त्याला दोन वर्षं झाली होती. त्यांच्या मौतीतही ती रडली नव्हती. बायका तिला हलवून हलवून रडवायला बघत होत्या, तर ही चहाला दूध आहे का विचारत होती.

आणि त्या खानावळवाल्या बाईंचं कार्ड दर नव्या वर्षाला आमच्या घरी यायचं. मी जपानी शिकायला लागले ती त्या कार्डांपायी. आता बाई नव्वदीला आल्या होत्या. त्यांच्या मुलानं मला लिहिलं होतं, डोकं अजून शाबूत आहे, पण पुढच्या वर्षाचं सांगवत नाही, यायचं तर याच उन्हाळ्यात या.

"मला त्या बाईला एकच विचारायचंय," आई विमानतळावरून घरी येतानाच म्हणाली होती. "तार हातात पडल्यावर ह्यांनी काय केलं. एवढं कळलं की झालं. काही नाही केलं म्हणाली तरी चालंल. पण कळू दे की मला."

तर त्या दिवशी भाकऱ्या उरकल्यावर ती हात पुसत माझ्याशेजारी येऊन बसली.

"हेमा, सात तारीख चांगली आहे. मी प्रस्थान ठेवते."

जुन्या माणसांची ही युक्ती. निघायचा दिवस वाईट असला की आधीच्या चांगल्या दिवशी आपलं एक गाठोडं दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. प्रवास तेव्हाच सुरू झाला असं धरायचं आणि जाताना ते उचलून पुढं व्हायचं. आमच्या इचलकरंजीत आजीच्या वेळेपर्यंत चालायचं. तोक्योच्या उपनगरात हे कुणी केलं असेल असं मला वाटत नाही.

"कुणाकडं ठेवणार?"

"शेजारच्या बाईकडं. चांगल्या आहेत. रोज हसतात माझ्याकडं बघून."

"ठेव बाई," मी म्हटलं. मला परीक्षा होती, आणि एका गाठोड्यानं अमावास्या टळत असेल तर मला सोन्याहून पिवळं.

सात तारखेला मी परीक्षेहून आले तर टेबलावर नासपतींची पेटी. एकेक फळ कागदात गुंडाळलेलं, वर सोनेरी दोरी.

"शेजारच्या बाईंनी दिली," आई म्हणाली. "गाठोडं ठेवून आले नि तासाभरात हजर. प्रवासाला शिदोरी. रीत कळते बघ त्यांना."

मला उद्याचा पेपर दिसत होता. मी एक नासपती खाल्ली आणि अभ्यासाला बसले. तेवढ्यावरून मला काय ते समजायला हवं होतं, पण डोकं कुठं जाग्यावर होतं.

नऊ तारखेला, निघायच्या दिवशी, पहाटे मी टेबलाचा खण उघडला. तिकीट नाही. वेळापत्रकाची पानं झटकली, दप्तर उलटं केलं, गादी उचलली.

"काय शोधतीस?" आई साडीच्या निऱ्या करत शांतपणे म्हणाली.

"तिकीट."

"ते प्रस्थानात आहे की."

मी उचललेली गादी तशीच सोडून दिली.

"नुसती सुपारी ठेवून भागत नाही," ती म्हणाली. "प्रवासाचीच वस्तू लागते. साडी ठेवली तर मी नेसू काय? म्हणून तिकीट ठेवलं. तांदूळ, सुपारी, तिकीट, आणि वरनं खणाचं कापड."

"आई, तू त्यांना काय सांगितलंस?"

"काय सांगणार? मला कुठं बोलता येतं? दोन्ही हातांनी दिलं. त्या वाकल्या, मी वाकले."

तेव्हा माझ्या डोक्यात नासपतींचा उजेड पडला. जपानात कुणी काही दिलं की त्याची परतफेड वस्तूनं करतात, आणि शक्य तितक्या लवकर करतात. कुरिहारा-सानना, म्हणजे शेजारच्या बाईंना, आम्ही भेट दिली होती. त्यांनी ती स्वीकारली आणि उलट भेट देऊन हिशेब चुकता केला. म्हणजे ते गाठोडं आता कायदेशीर त्यांचं. त्यांनी ते उघडलं असणार. तांदूळ, सुपारी आणि एक छापील कागद बघून काय केलं असेल देव जाणे. आणि दिलेली भेट परत मागायची म्हणजे काय, हे ज्यानं त्या देशात दोन वर्षं काढलीत त्यालाच कळेल.

"आपली वस्तू आपण मागायची, त्यात लाज कसली?" आई म्हणाली.

"तुला नाही कळायचं."

"मग मी मागते. वाकता मलाही येतं."

आम्ही दोघी बोचकी घेऊन कुरिहारा-सानच्या दारात उभ्या राहिलो. घंटी वाजवली. कुणी नाही. पुन्हा वाजवली. मग मला आठवलं, कॉलनीतली म्हातारी मंडळी सकाळी बागेत रेडिओवर व्यायाम करायला जमतात. आम्ही पायरीवर बसलो. माझी पहिली गाडी गेली. आठवडाभर विणलेलं माझं सगळं वेळापत्रक त्या एका गाडीला टांगलेलं होतं. मी आईला नको नको ते बोलले. तुझ्या तिथ्या आणि तुझी नक्षत्रं म्हणाले. कशाला आणलं तुला इथं, असंही म्हणाले. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आजच जायचंय हेमा. चालत जाऊ म्हणालीस तरी चालंल."

तिचा आवाज इतका बारीक झाला होता की माझा सगळा ताठा तिथंच उतरला.

कुरिहारा-सान आल्या, गळ्यात टॉवेल, हातात पाण्याची बाटली. आम्हाला दारात बघून त्या आधी घाबरल्या, मग आत या म्हणाल्या. आतल्या खोलीत त्यांच्या यजमानांचा फोटो होता, पुढं उदबत्ती, आणि उदबत्तीशेजारी आमचं खणाचं गाठोडं. गाठसुद्धा सुटलेली नव्हती.

"आलेली भेट मी आधी ह्यांना दाखवते," त्या म्हणाल्या. "आणि इतकं सुंदर कापड, सोडवायला जीवच होईना."

आईनं फोटोला हात जोडले. "बघ, देवापुढं ठेवलंय. तू उगीच जिवाला खाल्लंस."

मग मी वाकून, चाचरत, सगळं सांगितलं. आमच्याकडं वाईट दिवशी निघायचं असलं की चांगल्या दिवशी प्रवास शेजारी नेऊन ठेवतात. आज तो न्यायला आलोय. चूक आमची, क्षमा करा. कुरिहारा-सान ऐकत होत्या. मला वाटलं आता त्यांना कानकोंड्यासारखं होईल, आणि पुढं वर्षभर जिन्यात भेटलो की दोघीही खाली बघून जाऊ.

"म्हणजे परवापासून तुमचा प्रवास माझ्याकडं मुक्कामाला होता?" त्या म्हणाल्या आणि हसल्या. "मला माहीत असतं तर मी नीट बडदास्त ठेवली असती."

गाठोडं त्यांनी दोन्ही हातांनी आईला दिलं. आईनं तिकीट आणि सुपारी काढून घेतली, तांदूळ रुमालात बांधले आणि खणाचं कापड घडी करून त्यांच्या हातात ठेवलं. ते त्यांनी ठेवूनच घ्यावं असं मला सांगायला लावलं. दारापर्यंत सोडायला येऊन त्या म्हणाल्या, "इत्ते-इराशाय."

"काय म्हणाल्या?"

"जाऊन या म्हणाल्या."

"आपल्यासारखंच की," आई म्हणाली आणि भराभरा जिना उतरायला लागली.

पुढच्या त्या दिवसाची आठवण आली की अजून मला हसू येतं. माझं वेळापत्रक गेलं होतं, त्यामुळं जी गाडी मिळेल ती धरायची. त्या तिकिटावर फिरणारे आमच्यासारखे पुष्कळ असतात. गाडी बदलायच्या स्टेशनवर दार उघडलं की सगळे जागेसाठी पळत सुटतात. पहिल्या ठिकाणी आम्हाला उभ्यानं जावं लागलं. दुसऱ्या ठिकाणी मी सामान सावरतेय तोवर आई दिसेना. बघते तर ती पार पुढं, साडीचा ओचा वर खोचून धावतेय. मी डब्यात शिरले तेव्हा एका बाकावर तिची शाल पसरलेली होती आणि ती शेजारी कंबरेवर हात देऊन उभी. इचलकरंजीच्या स्टँडवर एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारी बाई ती. समोरचे जपानी तरुण त्या शालीकडं बघत उभे होते आणि एकाचीही तिच्यावर बसायची छाती झाली नाही.

खिडकीतून समुद्र दिसला, चहाचे मळे दिसले. फुजीचा डोंगर दिसला नाही.

"कुठाय तो?"

"त्या ढगात आहे."

"मग दाखवतीस काय, ढग?"

समोर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. आईनं त्यांना भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी दिली. मी नको नको म्हणत होते. त्यांनी घेतली, एक घास खाल्ला, डोळ्यात पाणी आलं, पण भाकरी पूर्ण खाल्ली आणि उतरताना आईच्या हातात गोळ्यांची पुडी ठेवली. शाळेची पोरं चढायची, दोन स्टेशनांवर उतरायची. भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायका चढायच्या. प्रत्येक स्टेशनाला थांबत, दारं उघडत, मिटत, आम्ही अख्खा देश ओलांडत होतो. आता तिकडं बुलेट ट्रेन गेलीय. गेल्या साली कामासाठी मी त्याच बाजूनं गेले, डबा उघडून खाईस्तोवर प्रवास संपला. तिकिटाकडं बघून पैशाचा विचारही मनात आला नाही. त्या दिवशीची मजा मात्र पुन्हा आली नाही, आणि आई तरी कुठं आहे आता.

दुपारनंतर ती खिडकीकडं तोंड करून बसली. एकदाच म्हणाली, "ती बाई विसरली असंल तर?"

"कार्ड पाठवते ना दर वर्षी."

"ते रीत म्हणून पाठवतात."

ओरिगावाला पोचायला चांगलाच अंधार झाला. बाईंचा मुलगा, साठीचा, टोपी हातात घेऊन स्टेशनवर उभा होता. आमची आई तुमची वाट बघत बसली होती, आत्ताच झोपली, म्हणाला. सकाळी भेटा. माझी आई त्या रात्री जेवली नाही. मी दमले होते, मला झोप लागली.

सकाळी खानावळवाल्या बाई समोर आल्या. इवलीशी बाई, पाठीत पार वाकलेली, कान मंद, डोळे मात्र लखलखीत. अप्पा त्यांना ओबासान म्हणायचे, म्हणजे मावशी. त्यांनी आईचे दोन्ही हात धरले आणि कितीतरी वेळ सोडलेच नाहीत.

"सादा-सानची बायको," त्या म्हणाल्या. सदाशिवचं त्यांनी सादा केलं होतं.

बाईंची बोली इतकी गावरान की मला चौथा हिस्सा कळायचा. त्यांचा मुलगा ती मला साध्या जपानीत सांगायचा आणि मी आईला मराठीत. मी आईचा प्रश्न विचारला. तार आली तेव्हा त्यांनी काय केलं.

बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. मला वाटलं, विसरल्या.

"तार आली त्या दिवशी तो कामाला गेला," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी आला, जेवला. मला काही बोलला नाही."

मी ते आईला सांगितलं. आईनं मान हलवली. हेच ऐकायची तिची तयारी होती.

"दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची खोली रिकामी. पिशवी नाही, कोट नाही. गिरणीत विचारलं, तिथंही नाही. दोन दिवस आम्ही शोधत होतो. तिसऱ्या दिवशी कुसातानीच्या स्टेशनमास्तरांचा फोन आला. इथं एक हिंदुस्थानी माणूस बसलाय म्हणाले. बोलत नाही, खात नाही. गाडी आली की उठून उभा राहतो, गाडी गेली की बसतो."

मुलगा थांबला. मी आईला सांगितलं. आई आता माझ्याकडं बघत नव्हती, बाईंच्या तोंडाकडं बघत होती, जणू ती भाषा तिला कळत होती.

"कुसातानी म्हणजे?" मी विचारलं.

"डोंगरातलं लहानसं स्टेशन," मुलगा म्हणाला. "इथून तासाभराच्या आत येतं. तुम्ही काल त्यावरूनच आलात."

बाई पुढं सांगत होत्या. पगाराला आठवडा होता. पैसे त्यानं घरी पाठवलेले. जेवढे खिशात होते तेवढे त्यानं ओरिगावाच्या खिडकीवर ओतले आणि कोबे म्हणाला. तो बोटीनं कोबेला उतरला होता, तेवढाच रस्ता त्याला ठाऊक. खिडकीवरचा माणूस म्हणाला, कोबेला पुरत नाहीत. तर यानं पैसे पुढं सरकवले आणि खुणेनं सांगितलं, पुरतील तिथवरचं द्या. पैसे कुसातानीपर्यंत पुरले. तिथं तो उतरला आणि बसला.

आईनं माझा गुडघा दाबला. "सांग की."

"मी त्याला आणायला गेले," बाई म्हणाल्या. "भाताचे गोळे करून नेले होते, त्यानं हात लावला नाही. तार दाखवली, ती इंग्रजी, मला काय वाचता येणार. मग त्यानं दोन हात असे केले." बाईंनी आपले सुरकुतलेले हात पुढं केले आणि मूल हलवतात तसे हलवले. "तेव्हा मला कळलं. मग तो रडायला लागला. संध्याकाळची गाडी येईपर्यंत रडत होता. स्टेशनमास्तरांनी आपली खिडकी लावून घेतली. येताना गाडीत त्यानं मला एवढंच सांगितलं, बायकोनं बोलावलं होतं. म्हणून इथवर आलो."

पुढं वाकून आईनं बाईंच्या पायांवर डोकं ठेवलं. बाई गडबडल्या, तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मग चहा आला. कुणी प्यायलं, कुणी नाही.

परतीची गाडी लौकर धरायची होती. दोन डब्यांची गाडी, निम्मी रिकामी. आम्ही समोरासमोर बसलो.

"ते स्टेशन आलं की सांग," आई म्हणाली.

मी सांगितलं. गाडीचा वेग कमी झाला, डोंगर जवळ आले, एक फलाट, एक छप्पर, पाटीवर कुसातानी. आई उठली.

"आई, पुढची गाडी तासानं आहे. पुढच्या सगळ्या गाड्या चुकतील. उद्या तुझं विमान आहे."

"चुकू देत," ती म्हणाली आणि उतरली.

उशिरामुळं तिकिटाची मुदत रात्री बाराला वाटेतच संपली आणि शेवटच्या टप्प्याचे आम्हाला पदरचे पैसे भरावे लागले, पण ते असो. फलाटावर आम्ही दोघीच होतो. स्टेशनमास्तर वगैरे आता तिथं कुणी नव्हतं. बाकही जुना नव्हता, निळ्या प्लॅस्टिकचा होता. आई त्यावर एका कडेला बसली. मी उभीच राहिले. का कोण जाणे, तिच्या शेजारी बसावंसं वाटलं नाही.

"मला वाटायचं, पोरगं माझं एकटीचंच गेलं," ती म्हणाली.

मग रुळांकडं बघत, "सांगितलं का नाही गं मला? तीस वर्षं एका घरात होतो."

उत्तर तिनंच दिलं. "काय सांगणार होते म्हणा. तू ये म्हणालीस आणि मी वाटेतच बसून राहिलो, म्हणून? लाज वाटली असंल. आणि मी मेली तोंड फिरवून बसले. एकदा विचारलं असतं तर..."

ती रडायला लागली. अप्पा गेले तेव्हा न रडलेली बाई, मोठ्यानं, तोंड उघडून, गावाकडच्या बायका रडतात तशी. डोंगरात आवाज घुमत होता. मी तिला थांबवलं नाही. माझेही डोळे वाहत होते आणि पुसायचं भान नव्हतं.

तिचं रडणं सरायला लागलं तेव्हा आमच्या बाजूची गाडी लांबून दिसली. मी सामान उचललं. आई अजून बसलेली होती. तिनं पदरानं तोंड पुसलं, बाकावरच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडं वळली आणि म्हणाली, "सदाशिवराव, उठा. गाडी आली."

तिच्या तोंडून अप्पांचं नाव मी जन्मात ऐकलं नव्हतं. घरात ते 'हे' होते, नाहीतर 'हेमाचे अप्पा'.

गाडी थांबली, दार उघडलं. आई दाराशी जाऊन क्षणभर बाजूला सरून उभी राहिली. मग आत चढली आणि तिच्यामागून मी.